गप बसणारी हातोडी

हातोडी हे स्वभावानंच उद्धट हत्यार आहे. आपण तिला खाली पाठवतो आणि ती उलट उत्तर द्यायला वर येते. हे माझं मत ऐकीव नाही. माझ्या धाकट्या मेहुणीच्या, म्हणजे उज्ज्वलाच्या लग्नापासून ते मी कपाळावर घेऊन हिंडतो आहे.

माझी सासुरवाडी इंझोरीची. सासऱ्यांच्या घरात अशी रीत आहे की लग्नाआधी मांडव घालतात त्या दिवशी मांडवाचा पहिला खुंटा थोरल्या जावयानं ठोकायचा. त्याला फेटा बांधतात, कुंकू लावतात, हातोडी हातात देतात आणि सगळी भावकी गोल करून उभी राहते. खुंटा बसला की वाजंत्री वाजते आणि त्यानंतरच मांडवाला दोर लागतो. थोरला जावई मी. पूर्वी हे खुंटे बाभळीच्या लाकडाचे असत. आता मांडव बिछायतवाल्याचा येतो आणि त्याच्याबरोबर लोखंडी खुंटे येतात. मे महिन्यातली काळी जमीन, तिच्यात लोखंडी खुंटा आणि वरून लोखंडी हातोडी, यात जावयानं काय करावं, हे रीत घालून देणाऱ्यांनी सांगितलेलं नाही.

तर उज्ज्वलाच्या मांडवाला फोटोग्राफर म्हणाला, "भाऊ, हात अजून उलिसा वर." मी घेतला. "अजून उलिसा." मी घेतला. मग मी हाणला. खुंटा तसूभरही हलला नाही. हातोडी मात्र जितक्या जोरात गेली होती तितक्याच जोरात परत आली आणि फेट्याच्या बरोबर खाली लागली. लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत मी टेंगूळ घेऊन हसतो आहे. त्या प्रसंगाचा व्हिडिओ कोण्या नतद्रष्टानं गाणं लावून फिरवला. अजूनही इंझोरीच्या स्टँडवर उतरलो की लोक "कसे आहात" असं न विचारता "कपाय कसं हाय" असं विचारतात.

यंदा माझ्या मेहुण्याच्या, मुकेशच्या मुलीचं, वैभवीचं लग्न ठरलं. आणि सासऱ्यांचा, बबनरावांचा मला फोन आला.

"जवाई, तुमी वाईट वाटून घेऊ नका," मामाजी म्हणाले. सासरा असं म्हणतो तेव्हा वाईट वाटण्यासारखं जे काही असेल ते आधीच ठरून गेलेलं असतं. "या टायमाले खुंटा आपुन राजपालच्या हातानं ठोकू. तुमाले कूलरच्या पुढची खुर्ची ठेवतो."

राजपाल म्हणजे उज्ज्वलाचा नवरा. अकोल्याला असतो, जिममध्ये जातो, आणि त्याचा शर्ट दंडावरच शिवल्यासारखा बसतो. थोरला जावई हयात असताना, धडधाकट असताना, मान धाकट्याला. आणि थोरल्याला कूलरपुढची खुर्ची. त्या खुर्चीवर आमच्याकडे साधारणपणे ज्यांना चालवत नाही त्यांना बसवतात. मी फोनवरच सांगितलं, "मामाजी, खुंटा मीच ठोकीन. या टायमाले हातोडी माही स्वतःची राहीन."

मग मामाजी म्हणाले, "बरं, पाहू हातोडी. मंग ठरवू."

फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, "साधना, त्या दिवशी चूक माही नव्हती. चूक हातोडीची होती."

"बरं," साधना मेथी निवडत म्हणाली.

"मी फिजिक्सचा बी.एस्सी. आहो. उसळी काढून टाकली का प्रश्न मिटला."

"ऑनलाइन भेटते म्हणतात तशी. मागवून घ्या नं."

मी पाहिलं. मिळते. नारिंगी रंगाची, आतून पोकळ, पोटात छर्रे भरलेली. पण ती पोचणार होती वैभवी सासरी गेल्यावर. शिवाय विकतची हातोडी घेऊन मान परत मिळवण्यात मान तो काय राहिला? मी ठरवलं की हातोडी आपण घडवायची.

तत्त्व मला आधीच सापडलं होतं, तेही वाशीमच्या मार्केट यार्डात. हमालानं पाठीवरून सोयाबीनचं पोतं खाली टाकलं की ते धप्प करून बसतं. उसळत नाही. का, तर आतले दाणे एकमेकांवर घसरतात, मागचे पुढच्यांवर उशिरा आपटतात आणि उसळीचा जोर आतल्या आत जिरून जातो. हातोडीचं डोकं पोकळ केलं आणि आत काहीतरी सुटं, सरकणारं भरलं, थोडी जागा रिकामी ठेवली, की झालं. हे मी आमच्या गल्लीत समजावून सांगितलं. ही मात्र मोठी चूक झाली.

शेजारचे शालिकराम हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं मूळ लोक नीट धरून उभे राहत नाहीत यात आहे, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणाले, "दोन्ही हातानं धरा नं, भाऊ. हातोडी वर आली का तुमी खाली बसा." मी म्हणालो, खाली बसलो तर ती डोक्यावर येईल. "मंग टोपी घाला," ते म्हणाले. समोरच्या पंचफुलाबाई, ज्यांचा गावाच्या कडेला भाजीपाल्याचा मळा आहे, त्यांनी त्याहून पुढची सूचना केली. "हेल्मेट घालूनच ठोका नं, बाप्पा. फेटा वरून बांधता येते." ही सूचना गल्लीत इतकी पसंत पडली की साधनानं खरोखर आमचं हेल्मेट काढून त्याच्यावर ओढणी गुंडाळून पाहिली. मी ती ओढणी सोडली आणि हेल्मेट माळ्यावर टाकून दिलं.

माझं सरकारी कार्यालय आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला. वाशीमहून रोज बसनं जातो. तिथे रोडला लागून देवमनचं वेल्डिंगचं दुकान आहे. देवमन कामाला वाईट नाही, पण त्याला साध्या कामाचा कंटाळा आहे. कोणी गेट सांगितलं की तो गेटाला मोर लावून देतो. माझी कल्पना ऐकून त्याचे डोळे चमकले. "साहेब, हे तं विमानाचं काम झालं!" तो म्हणाला, आणि त्याच क्षणी मला सावध व्हायला पाहिजे होतं.

त्यानं जाड पाइपचा तुकडा कापला, दोन्ही तोंडं बंद केली, मध्ये सागवानी दांडा बसवला, आणि भरायला एका बाजूला भोक ठेवून त्यावर रबरी बूच मारलं. पहिल्यांदा आत वाळू भरली. पहिल्याच ठोक्याला वेल्डिंगच्या फटीतून वाळू निघाली आणि थेट माझ्या डोळ्यांत गेली. उसळी मात्र नव्हती, हे मी डोळे चोळत मान्य केलं.

मग फटी बुजवून सायकलच्या बेअरिंगचे छर्रे भरले. हा प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या यशस्वी झाला. फक्त हातोडी वाजायला लागली. नुसती उचलली तरी खुळखुळायची. परतीच्या बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो, तर प्रत्येक खड्ड्याला तिचा आवाज. पुढच्या सीटवर एक तान्हं पोर रडत होतं, ते थांबलं आणि माझ्याकडे टक लावून पाहू लागलं. त्याची आई म्हणाली, "काका, उलिसक हालवा नं, झोपून जाईन थे." मालेगाव ते वाशीम मी हातोडी हलवत आलो. इंझोरीच्या भावकीपुढे मी खुळखुळा घेऊन उभा राहिलो असतो तर टेंगूळ परवडलं म्हणायची वेळ आली असती.

दुसऱ्या दिवशी ही हातोडी मी कार्यालयात नेली, कारण माझे सहकारी विश्वास ठेवत नव्हते. आस्थापनेच्या टेबलावर एक हलका ठोका मारून दाखवला. हातोडी अजिबात उसळली नाही. जोर सगळा खाली गेला आणि टेबलावरची काच उभी चिरली. ते टेबल निता मॅडमचं. त्या चष्मा वर करून म्हणाल्या, "काचेचं नंतर पाहू. पण तुम्ही शोध लावला आहे का?"

"तसंच म्हणायला पाहिजे," मी नम्रपणे म्हणालो.

"पूर्वपरवानगी घेतली होती?"

शासकीय कर्मचाऱ्यानं खाजगी शोध लावण्यापूर्वी विचारायचं असतं, अशी त्यांची समजूत होती आणि ती खोडून काढायची आमच्या साहेबांची तयारी नव्हती. साहेबांनी खुलासा मागवला. मी खुलासा दिला की शोध कार्यालयीन वेळेबाहेर, कपाळावर मार लागल्यामुळे सुचला. त्यावर शेरा आला: मार कार्यालयीन वेळेत लागला होता काय? मग निता मॅडमनी विचारलं की ही हातोडी मी माझ्या मालमत्तेच्या विवरणात दाखवणार की नाही, आणि दाखवली तर ती स्थावर की जंगम, कारण मी स्वतःच सांगत होतो की ठोकली की ती जागची हलत नाही. माझा खुलासा अजून त्यांच्या टेबलावर आहे. चिरलेल्या काचेखाली तो स्पष्ट दिसतो.

उत्तर शेवटी घरातच सापडलं. मामाजींच्या घरी उंदीर फार, म्हणून त्यांनी बिजवाईचं एक पोतं, म्हणजे पेरणीसाठी राखलेलं सोयाबीन, आमच्याकडे ठेवलं होतं. मी त्या पोत्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला, जरा जपून. सोयाबीन पोत्यात जे करतं तेच हातोडीत करेल! छर्रे काढले, पाऊण भाग सोयाबीन भरलं, बूच मारलं. आवाज नाही, वाळू नाही. देवमननंच दिलेल्या लोखंडी खुंट्यांपैकी एक अंगणात उभा केला आणि हाणला. धप्प! हातोडी खुंट्यावर जाऊन गप बसली. मी पुन्हा हाणलं. पुन्हा गप. मला इतका आनंद झाला की मी अंगणात एकामागून एक खुंटे ठोकत सुटलो आणि साधनाला कपडे वाळत घालायला वाट उरली नाही.

गल्लीत बातमी गेली. शालिकरामांनी दोन्ही हातांनी धरून ठोकून पाहिलं आणि "आता कसं" असं म्हणाले, जणू सोयाबीन त्यांनीच भरलं होतं. मग हातोडी फिरायला लागली. कोणाची खाट, कोणाचा दरवाजा. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण शोध लावणाऱ्याला कौतुकाची हाव असते. पंचफुलाबाईंनी ती मळ्यात चवळीच्या वेलांच्या काठ्या ठोकायला नेली. दुसऱ्या दिवशी त्या परत द्यायला आल्या, तेव्हा हातोडी धुऊन स्वच्छ केलेली होती आणि तिच्यासोबत चवळीच्या शेंगांची जुडी होती. आणलेली वस्तू घाणेरडी द्यायची नाही आणि रिकामी द्यायची नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे.

"दांडा ढिला झालता भाऊ," त्या म्हणाल्या, "म्हणून रातभर हौदात टाकून ठेवली. आता पाहा कसा फुगून घट्ट बसला."

कुऱ्हाड असो की कुदळ, दांडा हलायला लागला की पाण्यात टाकायची, लाकूड फुगतं, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मी दांडा हलवून पाहिला. खरोखर घट्ट होता. मी पंचफुलाबाईंचे मनापासून आभार मानले, शेंगा साधनाला दिल्या, हातोडी गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधली आणि सामानात ठेवून दिली. फिजिक्सच्या बी.एस्सी.नं आभार मानले, हे मी मुद्दाम सांगतो आहे.

मांडवाच्या दिवशी आम्ही सकाळीच इंझोरीला पोचलो. उन्हाचा त्रास होता, आणि आमच्या पिशवीला कसलातरी आंबूस वास येत होता. साधना म्हणाली, डबा खराब झाला असेल. अंगणात सगळी भावकी जमली होती. मामाजी पांढरं धोतर नेसून मध्ये उभे होते. राजपाल एका बाजूला उभा होता, उजवा हात खिशात घालून, फोटोत उभे राहतात तसा. मला त्याचा रागच आला.

"दाखवा जवाई, तुमची हातोडी," मामाजी म्हणाले.

मी आधी दोन शब्द बोललो. पोत्याचं तत्त्व, उसळीचा जोर, शास्त्र आणि परंपरा यांचा मेळ. मग मी सुतळी सोडली आणि गोणपाट उलगडला. बूच निघून पडलं होतं. भोकातून पिवळे, फुगलेले दाणे बाहेर डोकावत होते आणि त्यांच्यातून पांढरेशुभ्र कोंब लोंबत होते.

"बाई गं," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "हातोडीले मोड आले!"

पुढचा काही वेळ मला फारसा आठवत नाही. मुकेश खांबाला धरून हसत होता. वाजंत्रीवाला हसण्याच्या भरात एकदा वाजवून मोकळा झाला. मामाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी हातोडी घेतली, एक दाणा ओढून काढला, नखानं फोडला, हुंगला.

"हे आपली बिजवाई होय नं, जवाई?"

"हो, मामाजी."

"उगवण चांगली हाय," ते म्हणाले. मग त्यांनी ती हातोडी दगडावर हलकेच मारून पाहिली. आत दाणे गच्च फुगलेले, सरकायला जागा नाही. ठण्ण आवाज झाला आणि हातोडी वीतभर वर उडाली. मामाजींनी ती तुळशीजवळ ठेवून दिली. मला जमिनीत जावंसं वाटत होतं, आणि मे महिन्यातल्या त्या जमिनीत तेही शक्य नव्हतं.

"ये बाप्पा राजपाल," मामाजी म्हणाले. "मुहूर्त निंघून राह्यला."

राजपाल हलला नाही. "मामाजी, दादालेच ठोकू द्या नं."

"काहून?"

"मान त्याइचा आहे."

"अहो, हात दाखवा नं तुमचा!" उज्ज्वला न राहवून म्हणाली. "बाबा, अकोल्याले गच्चीवर रोज प्रॅक्टिस करून राह्यले होते हे." राजपालनं खिशातून हात काढला. अंगठ्याला पट्टी गुंडाळून गुंडाळून लिंबाएवढा गोळा झाला होता. त्याच्याबद्दलचा माझा राग जागच्या जागी संपला. आतापर्यंत मला वाटत होतं की भीती मलाच वाटते.

मुकेश पुढे आला. "बाबा, बिछायतवाल्याकडं मशीन हाय. मिनिटात ठोकते. कायले जवायाइचे हातपाय मोडता?"

"मशीन काय जवाई होय का?" मामाजी म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातली घरची जुनी हातोडी आणली आणि माझ्यापुढे धरली. तीच ती. मी ओळखली. मी घेतली, आणि खुंट्याजवळ गेलो, आणि थांबलो. चाळीस-पन्नास मोबाइल वर झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी सासऱ्याशी खरं बोललो.

"मामाजी, मले भेव वाटून राह्यलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग धोतर सावरलं, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि खुंट्यापुढे बसून दोन्ही हातांनी खुंटा घट्ट धरला. त्यांचा चेहरा खुंट्यापासून हातभर अंतरावर होता.

"बाबा!" साधना ओरडली.

"तू गप राय. जवाई, आता कशाचं भेव वाटते, तुमच्या कपायाचं का माह्या हाताचं?"

"दोन्हीचं."

"मंग बराबर हाय. मारा."

मोबाइल एकेक करून खाली गेले. आता जे होईल ते कोणालाच फोनमध्ये नको होतं. मी हातोडी फेट्याच्या वर नेलीच नाही. छातीपर्यंत उचलली आणि खुंट्याच्या टोकाशिवाय काही पाहिलं नाही. ठक. हातोडी थोडी उसळली, मी तिला उसळू दिलं. ठक. खुंटा मुंगीएवढा खाली गेला. माती उडत होती. राजपालनं डाव्या हातानं तांब्या आणून खुंट्याच्या बुडाशी पाणी ओतलं आणि तो तिथेच उकिडवा बसला. मी ठोकत राहिलो. मुहूर्त टळून गेला असावा, पण भटजींनीही घड्याळ पाहिलं नाही. मामाजींनी हात एकदाही काढले नाहीत. शेवटी खुंटा त्यांच्या मुठीपर्यंत आला, तेव्हाच त्यांनी बोटं सोडली आणि वाजंत्री वाजली.

मी त्यांना हात देऊन उठवलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डोळे लालभडक झाले होते.

"मामाजी, लागलं का कुठी?"

"नाही नं. माती गेली डोयात." ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत, फक्त मलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "मिटलेच नाही मी. मिटले असते तं तुमाले वाटलं असतं का मामाजी भेले."